लांबचं विमान आणि दोन वर्षांच्या उंबरठ्यावरचं मूल: तिकीट, सीट, इन्शुरन्स

दुडदुडे

प्रवास १८ तासांचा, मध्ये एक थांबा. जाताना मूल २३ महिन्यांचं, परतीच्या तारखेला २ वर्षं ९ दिवसांचं. सोबत दोघं मोठे. एअरलाइनच्या साइटवर 'इन्फंट' निवडलं की परतीची तारीख स्वीकारत नाही, 'चाइल्ड' निवडलं की जातानाचंही सीटचं भाडं लागतं. यातून मार्ग काय? बेसिनेट (विमानातला बाळाचा पाळणा) मागायचं की वेगळी सीट घ्यायची? आणि इन्शुरन्स कधी घ्यावा, तिकिटासोबत एका टिकमध्ये मिळतो तो पुरतो का?

माहीतगारांनी सविस्तर लिहा. "काही होत नाही, जा बिनधास्त" छापाचे प्रतिसाद नकोत.

पीएनआर_पुराण

साइट बरोबरच वागतेय. इन्फंट म्हणजे प्रवासाच्या दिवशी २ वर्षं पूर्ण न झालेलं मूल. बुकिंगच्या दिवशीचं वय कुणी विचारत नाही. दुसऱ्या वाढदिवसाच्या दिवसापासून पुढच्या प्रत्येक उड्डाणाला त्याला स्वतःची सीट लागते. साइटला एका प्रवाशाचा एकच प्रकार कळतो, म्हणून ती अडते.

मार्ग तीन आहेत.

पहिला, एअरलाइनला फोन करून जाताना इन्फंट आणि येताना चाइल्ड असं मिश्र तिकीट मागायचं. काही एअरलाइन्स देतात, काही संपूर्ण प्रवासाला चाइल्ड भाडंच लावतात. त्यांच्या नियमांच्या पानावर 'प्रवासादरम्यान २ वर्षं पूर्ण होत असल्यास' असं वेगळं कलम असतं, फोन करण्याआधी ते वाचून ठेवा.

दुसरा, दोन्ही वेळा चाइल्ड. महाग, पण सरळ.

तिसरा, जाण्यायेण्याची दोन सुटी तिकिटं. लांबच्या मार्गावर बऱ्याच मोठ्या एअरलाइन्सचं एकेरी भाडं परतीच्या तिकिटाच्या निम्म्यापेक्षा बरंच जास्त असतं आणि मोठ्यांनाही ते भरावं लागतं. त्यामुळे मुलाच्या सीटवर वाचवलेले पैसे तिथे जातात. आकडे मांडून बघा, बहुतेकदा हा मार्ग बाद होतो.

चौथाही एक मार्ग लोक शोधतात: दोन्ही वेळा इन्फंट टाकायचं आणि परतीला "कोण बघतंय" म्हणायचं. पासपोर्टवरची जन्मतारीख चेक-इनला सिस्टिमच बघते. मग त्या दिवशीचं एकेरी भाडं भरून सीट घ्यावी लागते, आणि विमान भरलेलं असेल तर सीटच नसते.

भाड्याचं गणित: आंतरराष्ट्रीय मार्गावर मांडीवरच्या इन्फंटला साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या १०% अधिक कर, आणि २ ते ११ वयाच्या मुलाला मूळ भाड्याच्या ७५% च्या आसपास. कर आणि अधिभारांवर ही सवलत सहसा मिळत नाही, म्हणून अंतिम रकमेत ती अपेक्षेपेक्षा लहान दिसते. स्वस्त एअरलाइन्स चाइल्ड सवलत बहुधा देतच नाहीत. एअरलाइनकडे जमवलेले मैल (पॉइंट) वापरून वरच्या वर्गाचं तिकीट काढणाऱ्यांसाठी एक खोच: काही एअरलाइन्स इन्फंटचे १०% त्या वर्गाच्या पूर्ण रोख भाड्यावर मोजतात. मोठ्यांना जवळपास फुकट आणि बाळाचं बिल घसघशीत, असा उलटा प्रकार होतो.

पीएनआर_पुराण

एक राहिलं. "नंतर बाळ अ‍ॅड करू" असं म्हणून आधी मोठ्यांची तिकिटं काढू नका. एका विमानात किती इन्फंट घ्यायचे याला मर्यादा असते (जादा मास्क, बाळांची लाइफ जॅकेटं आणि पट्टे मोजकेच असतात). शिवाय एजंटच्या साइटवरून काढलेल्या तिकिटात नंतर बाळ घालायचं म्हणजे एजंट एअरलाइनकडे बोट दाखवणार आणि एअरलाइन एजंटकडे.

तिकीट आलं की पावती उघडा आणि १३ अंकी तिकीट क्रमांक मोजा. दोन मोठे आणि एक बाळ, तर तीन क्रमांक हवेत. बाळाचं नाव छापलेलं आहे पण क्रमांक दोनच आहेत, तर बाळाचं तिकीट निघालेलंच नाही, नुसती विनंती नोंदलेली आहे. हा घोळ कोडशेअरमध्ये सगळ्यात जास्त होतो: तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं. विकणाऱ्या कंपनीकडे बाळ दिसतं, उडवणाऱ्या कंपनीकडे निरोपच पोचलेला नसतो. चेक-इन काउंटरवर मग 'तिकीट ऑफिसला जाऊन या' सुरू होतं. उपाय सोपा आहे. उडवणाऱ्या कंपनीचा सहा अक्षरी पीएनआर मागून घ्या (तो वेगळा असू शकतो), त्यांना फोन करा आणि इन्फंटच्या नोंदीचा स्टेटस विचारा. 'एचके' म्हणजे पक्कं. 'एचएन' म्हणजे मागणी गेली, उत्तर यायचंय. 'यूसी' म्हणजे नाकारलं.

सगळं कुटुंब एकाच पीएनआरमध्ये ठेवा. विमान रद्द झालं की सिस्टिम पीएनआरनुसार नवी सीट देते, तिला नवरा-बायकोचं नातं कळत नाही.

खिडकीवाला

जाताना सक्ती नाही तर सीट कशाला घ्यायची? मांडीवर झोपेल की. नाहीतर बेसिनेट आहेच.

पट्टा_बांधा

@खिडकीवाला, २३ महिन्यांच्या मुलाला बेसिनेट विसरा. वजनाची मर्यादा एअरलाइननुसार ९ ते १४ किलो असते, त्यामुळे वजनात बसेलही कदाचित. अडचण लांबीची आहे. बहुतेक बेसिनेट ७० ते ७५ सेंटिमीटरचे आणि या वयाचं मूल ८५ च्या आसपास. पाय बाहेर काढून कुणी झोपू देत नाही.

लहान बाळवाल्यांसाठी बेसिनेटबद्दल थोडं. तो पुढच्या भिंतीला अडकवतात, म्हणून फक्त त्या रांगेत मिळतो आणि विमानात मोजकेच असतात. तिकिटानंतर लगेच फोन करून मागायचा. मिळाला तरी ती विनंतीच असते, विमान बदललं की यादी नव्याने होते. प्रवासाच्या ७२ तास आधी आणि पुन्हा २४ तास आधी सीट नंबर तपासा. टेकऑफ-लँडिंगला तो लावत नाहीत, आणि हवा खराब होऊन सीटबेल्टचा दिवा लागला की गाढ झोपलेलं बाळ उचलून मांडीवर घ्यावं लागतं. रात्रीत चार वेळा दिवा लागला तर चार वेळा. भिंतीपुढच्या सीटचे हात वर करता येत नाहीत, कारण जेवणाचं टेबल त्यातच असतं. पायाशी बॅगही ठेवता येत नाही, टेकऑफला सगळं वर जातं. डायपर आणि दूध वर, आणि तुम्ही खाली बांधलेले.

आता मांडीवरचा मुद्दा. ११-१२ किलोचं मूल अचानक बसलेल्या हिसक्यात हातांनी धरून ठेवता येत नाही, ताकद कितीही असो. युरोपातल्या एअरलाइन्स मोठ्यांच्या पट्ट्यात ओवायचा छोटा पट्टा देतात. अमेरिकेच्या एफएएला (तिथल्या विमानवाहतूक नियामक संस्थेला) तोच पट्टा मान्य नाही. तिथला सल्ला असा की मुलाला स्वतःच्या सीटवर, मान्यताप्राप्त कार सीटमध्ये बसवा. परवडत असेल तर जातानाही सीट घ्या, असं माझं स्पष्ट मत. १८ तासांत आईबापांच्या मांडीला काय होतं ते वेगळंच.

मांडीवरची दोन बाळं असतील तर दोन मोठे एका बाजूला शेजारी बसू शकत नाहीत. तीन सीटच्या गटावर साधारण चारच ऑक्सिजन मास्क असतात. म्हणून जुळी असली की एक मोठा या बाजूला, दुसरा त्या बाजूला.

दुडदुडे

म्हणजे जातानाही सीट. मग त्यात घरची कार सीट चालेल?

पट्टा_बांधा

चालेल, पण तीन गोष्टी बघा.

लेबल. अमेरिकी बनावटीच्या सीटवर विमानात वापरायला मान्यता असल्याचं लाल अक्षरांत छापलेलं असतं. युरोपीय सीट असेल तर एअरलाइनच्या मान्य यादीत मॉडेल आहे का ते पाहा आणि ई-मेलनं लेखी घ्या. लेबलचा फोटो फोनमध्ये ठेवा, बोर्डिंगच्या दारात तोच कामाला येतो.

बसवणं. विमानात फक्त कमरेचा पट्टा असतो, आयसोफिक्सची कडी (गाडीत कार सीट अडकवायची) नसते. आयसोफिक्सशिवाय न बसणारी सीट विमानात निरुपयोगी. बूस्टरला (मुलाला उंच बसवणाऱ्या नुसत्या बैठकीला) खांद्यावरचा पट्टा लागतो, म्हणून तोही टेकऑफ-लँडिंगला चालत नाही.

रुंदी. इकॉनॉमीची सीट साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर. कार सीटची सगळ्यात रुंद जागा मोजा, नुसती बैठक मोजू नका. कपहोल्डरमुळे अडलेल्या सीट बऱ्याच असतात.

जागा बहुधा खिडकीचीच मिळते, म्हणजे बाकीच्यांची वाट अडत नाही. आपत्कालीन दाराची रांग आणि तिच्या लगतच्या मागच्यापुढच्या रांगा चालत नाहीत. तोंड मागे करून बसवायची सीट असेल तर पुढच्या प्रवाशाची पाठ मागे जात नाही आणि पुढची धुसफुस तुमच्या वाट्याला येते.

वजन उचलायचं नसेल तर केअर्स नावाचा हार्नेस आहे. सीटच्या पाठीला अडकवायचा, साधारण अर्धा किलो. १० ते २० किलो वजन आणि १०० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या मुलांसाठी. एफएएची मान्यता आहे, बाकी एअरलाइनला विचारूनच न्या. मुलाचे गुडघे सीटच्या कडेपर्यंत पोचत नसतील तर ते खाली सरकत राहतं, ही त्यातली उणीव.

कलम_अकरा

इन्शुरन्सवर अजून कुणी बोललं नाही, म्हणून पाल्हाळ लावतो.

केव्हा: पहिले पैसे भरले त्याच दिवशी. 'प्रवासाच्या आदल्या दिवशी घेतला तरी मेडिकल मिळतंच' हे खरं आहे, पण प्रवास रद्द करावा लागला तर मिळणारं संरक्षण पॉलिसी घेतल्यापासून सुरू होतं. लहान मूल म्हटल्यावर निघायच्या आधीच्या आठवड्यात कानाचं दुखणं किंवा ताप निघण्याची शक्यता हीच मोठी. ताप आल्यावर घेतलेली पॉलिसी त्या तापासाठी कोरा कागद. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पॉलिसींमध्ये आधीच्या आजारांची अट शिथिल व्हायची असेल तर पहिल्या भरण्यापासून १४ ते २१ दिवसांत पॉलिसी घ्यावी लागते. कारण न देता रद्द करायची सोय तिथे वेगळी मिळते, तीत साधारण ५० ते ७५% परत येतात आणि निघण्याच्या ४८ तास आधी कळवावं लागतं.

माहितीपत्रक वाचू नका, पॉलिसीचा मसुदा उघडा. त्यातही आधी व्याख्यांचं पान. 'मूल', 'कुटुंब', 'सहप्रवासी', 'जवळचा नातेवाईक', 'आधीपासूनचा आजार' या पाच शब्दांचा अर्थ कंपनी काय लावते त्यावर क्लेमचा निकाल लागतो.

मूल: किमान वय ठरलेलं असतं, कुठे ३ महिने, कुठे ६, कुठे जन्मापासून. नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे पॉलिसीवर छापलेली हवी. 'फॅमिली' म्हटलं की मूल आपोआप आलं असं समजू नका.

सहप्रवासी: मूल आजारी पडलं तर तिघांचाही प्रवास रद्द होणार. एकाच पॉलिसीत तिघं असतील तर प्रश्न सहसा येत नाही. आईची पॉलिसी एका कंपनीची आणि बाबांचा क्रेडिट कार्डासोबत मिळणारा विमा असेल, तर बाबांच्या कंपनीला मूल 'सहप्रवासी' म्हणून मान्य आहे का ते पाहावं लागतं.

आधीपासूनचा आजार: दमा, अ‍ॅलर्जी, तापात येणारे झटके, जन्मजात हृदयदोष, अकाली जन्म. 'आता बरं आहे' म्हणून लिहायचं टाळलं की पुढे दवाखान्याच्या कागदांत जुनी नोंद निघते आणि क्लेम नाकारला जातो. घरी राहणाऱ्या आजीआजोबांचा जुना आजारही याच कलमात येऊ शकतो. त्यांच्यासाठी प्रवास सोडावा लागला तर कंपनी त्यांचेही कागद मागते.

डिडक्टिबल (बिलातला आपण स्वतः सोसायचा भाग): समजा ते १०० डॉलर आहे आणि परदेशात कानाच्या दुखण्याचं बिल १३० झालं. हातात ३०. मुलांचे आजार बहुधा असेच लहान आणि बिनभरतीचे असतात. स्वस्त पॉलिसी याच जागी स्वस्त असते. शिवाय ते माणशी आणि दर क्लेमला कापतात की एकदाच, ते बघा. मोठी रक्कम मात्र भरती आणि विमानानं मायदेशी आणण्याच्या खर्चासाठी हवी, तिथे काटकसर नको. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं आणि ते प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र, बाळालासुद्धा. पण तो व्हिसापुरता आकडा आहे, तेवढाच पुरेसा असं कुणी म्हटलेलं नाही.

लहान मुलांच्या संदर्भात तीन कलमं हमखास शोधा. मूल दवाखान्यात असताना जवळच्या मोठ्याचा राहण्याचा खर्च. मोठाच दवाखान्यात असेल तर मुलाला सोबतीसह घरी पोचवण्याचा खर्च. आणि परतीची तारीख दवाखान्यामुळे टळली तर पॉलिसी आपोआप किती दिवस वाढते.

तिकिटासोबतचा टिकवाला विमा: वाईटच असतो असं नाही, पण बऱ्याचदा तो त्या तिकिटाभोवतीच फिरतो. हॉटेल वेगळं बुक केलं असेल तर ते त्यात येत नाही, मेडिकलची रक्कम लहान असते. कार्डावरच्या विम्याला पूर्ण भाडं त्याच कार्डानं भरलेलं असण्याची अट असते. मैल वापरून नुसते कर कार्डानं भरले असतील तर ती अट पुरी होते का, हे कार्ड कंपनीकडून लेखी घ्या.

खिडकीवाला

निघायच्या दिवशी मूल तापानं फणफणलंय, तर नेमकं करायचं काय?

कलम_अकरा

क्रम महत्त्वाचा. आधी डॉक्टर, आणि त्याच दिवशीच्या तारखेचं पत्र. त्यात 'अमुक आजार, अमुक तारखेपर्यंत विमानप्रवासास अयोग्य' असं स्पष्ट हवं. 'विश्रांतीचा सल्ला' एवढंच लिहिलं तर कंपनी ते प्रवास रद्द करायला पुरेसं मानत नाही. मग विमा कंपनीला फोन करून नोंदीचा क्रमांक घ्यायचा. मग विमान सुटायच्या आत एअरलाइनला कळवून तिकीट रद्द करायचं किंवा पुढे ढकलायचं. न कळवता गेलाच नाहीत तर 'नो शो' होतं, परतीचंही तिकीट रद्द होतं आणि विमा कंपनी म्हणते की टाळता येण्याजोगं नुकसान तुम्हीच वाढवलंत. न वापरलेल्या तिकिटाचे काही कर एअरलाइनकडून परत मिळू शकतात. ते आधी मागा, विमा कंपनी ती रक्कम वजा करूनच देते.

सांडलंमांडलं

थांब्याबद्दल लिहिते. दोन वेगळी तिकिटं जोडून केलेला प्रवास मुलासोबत करूच नये, या मताची मी आहे. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नसतो. सामान काढून पुन्हा द्यावं लागतं, त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. आणि विम्यातलं 'मिस्ड कनेक्शन' अशा स्वतः जोडलेल्या प्रवासाला बहुधा लागू नसतं, किंवा मध्ये ठरावीक तास ठेवण्याची अट असते.

एकाच तिकिटावर असलात तरी ६५-७० मिनिटांचा थांबा घेऊ नका. थांब्यासाठी एअरलाइन धरते तो किमान वेळेचा हिशेब झपझप चालणाऱ्या मोठ्यांचा असतो. स्ट्रोलर (बाबागाडी) विमानाच्या दारात मिळायला वेळ जातो, आणि मिळेलच असंही नाही. टॅगवर 'दारात परत' अशी नोंद आहे की शेवटच्या ठिकाणच्या सामानाच्या पट्ट्यावर, ते टॅग लावतानाच वाचा. अडीच-तीन तास बरे.

सुरक्षा तपासणीत हातातल्या बॅगेतल्या द्रवांचा १०० मिलिलिटरचा नियम बाळाच्या दुधाला, पाण्याला आणि खाण्याला बऱ्याच देशांत शिथिल असतो, पण प्रवासापुरत्या प्रमाणात. आपण होऊन वेगळं काढून दाखवायचं. थांब्यावर तपासणी पुन्हा होते, तिथला नियम वेगळा असू शकतो, म्हणून पावडर कोरडी न्या आणि तपासणीनंतर बाटलीबंद पाणी घ्या. विमानात मिळणारं गरम पाणी फार कढत असतं. बाटली त्या पाण्याच्या पेल्यात उभी करून कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा.

मुलांचं जेवण निदान ४८ तास आधी नोंदवा. त्याचे दोन वेगळे कोड असतात: बीबीएमएल म्हणजे बाळाचं, सहसा मऊ-पातळ, आणि सीएचएमएल म्हणजे मोठ्या मुलाचं. २३ महिन्यांच्या इन्फंटला सिस्टिम पहिलं लावून मोकळी होते.

दुडदुडे

कान दुखू नयेत म्हणून काय? आणि झोपेचं औषध द्यावं का?

सांडलंमांडलं

कान चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतात. उतरणं जमिनीला टेकण्याच्या अर्धा तास आधीच सुरू होतं, तेव्हा मूल जागं हवं आणि काहीतरी गिळत असावं: दूध, घोट घोट पाणी, चोखणी. सगळं दूध टेकऑफला संपवू नका. कान आधीच सुजलेला असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

झोपेसाठी अ‍ॅलर्जीचं औषध देण्याचा सल्ला सर्रास फिरतो. तो मानू नका. काही मुलांना त्यानं झोप येण्याऐवजी उलट चाळवल्यासारखं होतं. प्रवासात त्याचा पहिला प्रयोग तर मुळीच नको.

पीएनआर_पुराण

कागदांचं थोडक्यात: मुलांचे पासपोर्ट मोठ्यांपेक्षा कमी मुदतीचे असतात आणि बऱ्याच देशांना ६ महिने शिल्लक लागतात. तिकिटाआधी तारीख बघा. आईबाप दोघांपैकी एकच सोबत असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखला हातातल्या बॅगेत ठेवा. मुलाचं आडनाव सोबतच्या पालकापेक्षा वेगळं असेल तर दोघं सोबत असतानाही जन्मदाखला जवळ असू द्या.

दुडदुडे

आज एअरलाइनशी बोलणं झालं. मिश्र तिकीट देतात, पण आता जातानाही सीटच घेतोय. शेवटचं: स्ट्रोलर मोडून आला तर विमा की एअरलाइन?

कलम_अकरा

आधी एअरलाइन, उरलेल्यासाठी विमा. विमानतळाच्या बाहेर पडण्याआधी सामान काउंटरवर पीआयआर (सामानाच्या तक्रारीचा फॉर्म) भरून घ्या, त्याशिवाय दोन्हीकडे दाद लागणं अवघड. माँट्रियल करार (आंतरराष्ट्रीय प्रवासातली एअरलाइनची जबाबदारी ठरवणारा) लागू असलेल्या प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. सामानासाठी एअरलाइनची कमाल जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक). वापरलेल्या वस्तूची किंमत घसारा लावून देतात.

विम्यात स्ट्रोलर 'सामान' या सदरात येतो आणि तिथे एका वस्तूची वेगळी मर्यादा असते. सामानाची एकूण रक्कम मोठी दिसते, पण महागडा स्ट्रोलर त्या एका ओळीत अडकतो. देण्याआधी चारही बाजूंनी उघडा आणि घडी घातलेला असे फोटो काढा, खरेदीची पावती मेलमध्ये शोधून ठेवा, आणि टॅगचा अर्धा तुकडा बोर्डिंग पाससोबत जपून ठेवा.

कार सीटचं मात्र वेगळं आहे. ती सामानात दिली आणि आपटली तर बाहेरून धड दिसली तरी आतून तडा असू शकतो. म्हणून वेगळी सीट घेतलीच आहे तर ती विमानात सोबतच न्या.

खिडकीवाला

कार सीटचा मुद्दा पटला. लेबल बघायला उठतोय.